न मोजलेली पेटी

१

एकनाथराव पाटणकर गेले, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या टेबलावरून केलब्रुकची पेटी नाहीशी झाली. माणसाचं दुःख करायला आम्हाला जेमतेम आठवडा मिळाला. मग जो तो पेटीबद्दलच विचारू लागला, आणि मला त्याचा फार राग आला.

पेटी म्हणजे एक लाकडी मतपेटी, शिवणाच्या डब्याएवढी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात केलब्रुक विद्यापीठाचे विद्यार्थी आपला रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा मानाचा प्रमुख, निवडून देत. एका वर्षी हेल नावाचा सुधारक उभा राहिला. मुलींना वर्गात बसू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. तो थोडक्यात हरला. पण इन्फर्मरीतल्या, म्हणजे विद्यापीठाच्या रुग्णालयात शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांची पेटी मोजणीला पोचलीच नव्हती. सुधारक म्हणाले, आमची पेटी चोरली. सनातनी म्हणाले, हरवली. एकनाथरावांनी उभं आयुष्य या एका प्रश्नाला वाहिलं. हेल जिंकला होता आणि पेटी सनातन्यांनी पळवली, हा त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांचं पुस्तक गाजलं, त्यावर त्यांचे विद्यार्थी प्रोफेसर झाले.

आणि या हिवाळ्यात ती पेटी सापडली. जुन्या इन्फर्मरीच्या तळघरात भिंत फोडताना निघाली, कुलूपबंद. केलब्रुकनं ती आमच्या हॅलोवे युनिव्हर्सिटीला उसनी पाठवली. कॅमेऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर उघडायची असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. बाहेर अवधूत वैरागडे. नागपूरचा मुलगा, एकनाथरावांचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी. बस चुकली म्हणून बर्फातून चालत आला होता. ॲन आर्बरच्या जानेवारीत हे वेडेपण आहे, आणि मी ते त्याला बूट काढायच्या आधीच ऐकवलं.

“काकू, शुक्रवारी माझी हिअरिंग आहे,” तो म्हणाला. “ते म्हणतात पेटी मीच घेतली. प्रोग्राममधून काढलं तर व्हिसा जाईल. आईला अजून सांगितलं नाही.”

“तू घेतलीस का?”

“नाही.” मग खाली बघत म्हणाला, “पण सरांच्या घरी मीच नेली. सर म्हणाले, अवधूत, एक रात्र फक्त. नुसती जवळ ठेवतो. मला नाही म्हणता आलं नाही. डिपार्टमेंटच्या कपाटातून काढली, मित्राच्या गाडीतून नेली, टेबलावर ठेवली आणि निघालो. सर तेव्हा केयाशी फोनवर बोलत होते. छान होते, काकू. हसत होते.”

“मग अडचण काय?”

त्यानं फोन पुढे केला. युनिव्हर्सिटीची ईमेल होती. साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार आपण ज्या वेळी निघून गेल्याचं सांगता, नेमक्या त्याच वेळी आपण तिथे येत होतात, असं तीत लिहिलं होतं. साक्षीदार म्हणजे केया पाटणकर, एकनाथरावांची नात.

“ती खोटं का बोलेल?” अवधूतचा आवाज फुटला. “लहान बहिणीसारखी आहे ती मला.”

मी तीस वर्षं मिशिगनच्या कोर्टांत दुभाषी होते. साक्षीदार खोटं बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते खरं बोलतात आणि ऐकणारे चुकतात. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्याला उपमा वाढला आणि कोट चढवला.

२

प्रतिमा, एकनाथरावांची बायको, माझी या देशातली पहिली मैत्रीण. एकनाथराव इतिहास लिहीत असताना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहून घर चालवलं ते हिनं. तिच्या घरी त्या दिवशी दार केयानं उघडलं. केया इथेच शिकते, वसतिगृहात राहते, आणि आजोबा गेल्यापासून आजीकडेच मुक्कामाला होती. तिची आई नैना, प्रतिमाची सून, नेपरव्हिलहून दर वीकेंडला येत होती. ती झोपली होती.

“गिरिजा आजी, मला गिल्टी वाटतं,” केया म्हणाली. तिच्या मराठीत निम्मं इंग्लिश असतं, पण जीव पूर्ण असतो. “पण मी जे ऐकलं तेच सांगितलं.”

“काय ऐकलंस? सांगितलंस तसं नको. ऐकलंस तसं सांग.”

“आजोबा स्पीकरवर होते. मागून अवधूतदादाचा आवाज आला. तो म्हणाला, आय ॲम कमिंग, सर. आजोबा म्हणाले, कम.”

“ते इंग्लिशमध्ये बोलले?”

“नो, मराठीत. तो म्हणाला, ‘सर, येतो.’ आजोबा म्हणाले, ‘ये.’ मग मी बाय म्हटलं, कारण त्यांच्याकडे कोणीतरी येत होतं.”

मी डोळे मिटले. ‘जातो’ म्हणू नये, पुन्हा यायचं असतं म्हणून ‘येतो’ म्हणावं, हे मराठी पोराला कोणी शिकवत नाही. पण ते घरात रोज निरोप घेणारी माणसं असली तर अंगात मुरतं. केयाच्या घरात सगळे ‘बाय’ म्हणतात. तिनं शब्द बरोबर ऐकला होता आणि अर्थ नेमका उलटा घेतला होता.

मी तिला समजावून सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

“म्हणजे तो जात होता? ओ माय गॉड. आय डिड धिस टू हिम.”

“तू काही केलं नाहीस. आपण तुला शिकवलं नाही.” मी तिचा हात धरला. “तू त्या संध्याकाळी इथे आलीस तेव्हा अँब्युलन्स होती ना? आजोबांच्या टेबलावर काय होतं?”

ती आठवू लागली. “लॅम्प. चष्मा. चहाचा कप. आणि दोन वाट्या. स्टीलच्या, उपड्या ठेवलेल्या. स्वच्छच होत्या, तरी मी धुऊन ठेवल्या. मला काहीतरी करायचं होतं.”

“त्याला चणे खायची सवय होती,” मागून प्रतिमा म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली आम्हाला कळलं नव्हतं. केस विंचरलेले नव्हते, आणि शाल उलटी पांघरली होती. मला बघवेना.

मी उठून तिला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली.

“अवधूतला काढून टाकतील गं,” मी म्हटलं. “एका पेटीपायी.”

“पेटी, पेटी,” ती म्हणाली. “आयुष्य घातलं त्या हेलच्या मागे. हरलाच होता तो. कशाला उकरायचं?”

आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी अभ्यासिकेत डोकावले. टेबलाच्या अगदी वर हीटिंगची जाळी आहे. गरम हवा सुरू झाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडली. चणे खाणारा माणूस वाट्या उपड्या का ठेवेल, हा प्रश्न मी मनात घेऊन बाहेर पडले. उत्तर गाडीत बसता बसता सुचलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

३

श्रीरंग हा एकनाथरावांचा जुना विद्यार्थी, आता त्याच विभागात प्रोफेसर. अवधूतविरुद्ध तक्रार त्यानंच केलेली. ओहायोतल्या डब्लिनमध्ये वाढलेला, उंच, देखणा, आणि बोलताना समोरच्याला जरा घाईत असल्यासारखा वाटणारा. त्याचं स्वतःचं पुस्तक छापायला गेलं होतं, आणि तेही सरांच्याच सिद्धांतावर उभं होतं. पेटी उघडून भलतंच निघालं तर सगळ्यात मोठं नुकसान याचं. म्हणून सोमवारी मी आधी त्याच्याच खोलीत जाऊन बसले.

“काकू, विथ रिस्पेक्ट, पेटी उघडायला माझ्याइतकं कोणीच एक्सायटेड नव्हतं,” तो म्हणाला. “हेल जिंकला होता. आम्ही ते जगाला दाखवणार होतो. आणि या मुलानं ती डिपार्टमेंटमधून उचलली, सर जातात तेव्हा तिथे होता, आणि खोटं बोलला.”

“कधी होता तिथे?”

“केयानं ऐकलं. ‘येतो.’”

“श्रीरंग, तुझी आई घरातून बाहेर पडताना काय म्हणते?”

तो काहीतरी बोलणार होता. थांबला. मग कानापर्यंत लाल झाला.

“येते,” तो हळूच म्हणाला. “शी सेज इट एव्हरी टाइम. येते रे.” त्यानं चेहरा तळहातांत घेतला. “मी फक्त स्टेटमेंट वाचलं. इंग्लिशमध्ये.”

तो नाटक करत नव्हता. कोर्टात बसून बसून तेवढं कळतं. शिवाय तो अजूनही हेल जिंकला असंच म्हणत होता, मनापासून, डोळ्यांत चमक आणून. पेटीत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं.

“मी कमिटीला सांगतो,” तो म्हणाला. “तो खोटं बोलला नाही हे सांगतो. पण काकू, पेटी त्यानं साइन करून बाहेर काढली. ती नसेल तर शुक्रवारी त्याला कोणी वाचवू शकत नाही. मीसुद्धा.”

म्हणजे शब्दाचं कोडं सुटलं होतं, मुलगा सुटला नव्हता. आणि पेटी कुठे शोधायची ते मला आता कळलं होतं. तिथे जायची माझी हिंमत होत नव्हती, एवढंच.

४

गुरुवारी दुपारी मी गेले. केया वर्गात होती. प्रतिमानं चहा टाकला, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. बाहेर बर्फ पडत होता. किती वर्षं आम्ही याच टेबलावर बसून नवऱ्यांची उणीदुणी काढली होती.

“प्रतिमा, मी बोलते. चुकले तर थांबव,” मी म्हटलं. “अवधूत गेला तेव्हा एकनाथराव हसत बोलत होते. पेटी टेबलावर होती. ते एकटे राहिले. आणि त्यांना धीर धरवला नाही. मलाही धरवला नसता.”

ती चहाकडे बघत होती.

“त्यांनी ते गंजकं कुलूप ओढून काढलं. आत मतांचे कागद. वरून गरम हवा येते, कागद उडणार. म्हणून त्यांनी दोन गठ्ठे केले, आणि दोन्हींवर एकेक वाटी उपडी ठेवली. हेलचा एक गठ्ठा, समोरच्याचा एक. केया आली तेव्हा वाट्या तशाच होत्या, पण त्यांच्याखाली काही नव्हतं. चोर पेटी उचलतो आणि पळतो. शंभर वर्षांहून जुने कागद एकेक गोळा करून, न फाडता पेटीत परत घालत नाही. ते करणारं माणूस त्या घरातलं होतं, आणि कागदांची काळजी घेणारं होतं.”

“श्रीरंगला का नाही विचारलंस?” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

“विचारलं. तो म्हणतो हेल जिंकला. अवधूतही तेच म्हणतो. एकनाथरावांनी या घरात हेलला कधी ‘हरला’ म्हणू दिलं नाही. तू म्हणालीस, ‘हरलाच होता तो.’ हरला म्हणाली असतीस तर मी सोडून दिलं असतं, सगळं जग म्हणतं. तू ‘हरलाच’ म्हणालीस. तो ‘च’ डोळ्यांनी बघितल्याशिवाय लागत नाही.”

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “बेसमेंटमध्ये आहे. आकाशकंदिलाच्या खोक्यात.”

मला वाटत होतं, उलगडा झाला की हलकं वाटेल. कथांमध्ये तसं असतं. मी उठून माझा गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला.

“भाजी घेऊन आले,” ती सांगू लागली. “हाक मारली. ओ आली नाही. आत गेले तर खुर्चीत मान टाकून बसलेला. आणि समोर ते दोन गठ्ठे. एक एवढा, एक एवढासा. मोठ्या गठ्ठ्यावरचं नाव मी चष्मा न लावता वाचलं, गिरिजा. हेलचं नव्हतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पेटी मोजली असती तर तो आणखी वाईट हरला असता. म्हणजे सनातन्यांना ती लपवायची गरजच नव्हती. लपवली असेल तर त्याच्याच माणसांनी. आपल्याला फसवलं असं म्हणायला जागा राहावी म्हणून. आणि माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं ते खरं मानलं. लोक हसले असते त्याला. चितेवर जायच्या आधी हसले असते.”

“आणि अवधूत?”

“मला वाटलं, थोडे दिवस चौकशी होईल, मिटेल. मग केयानं ते सांगितलं आणि गाडी त्याच्याकडे वळली. रोज वाटायचं, आज सांगते. रोज राहायचं.” तिनं माझ्याकडे बघितलं. “उद्या मी येते. पण सगळं सांगणार. एक गोष्ट तुलाही सांगितलेली नाही.”

५

हिअरिंगची खोली जुन्या इमारतीत होती, उंच खिडक्या आणि भिंतीवर दाढीवाले संस्थापक. डीनबाई, दोन प्राध्यापक, श्रीरंग, समोर अवधूत उसना कोट घालून. मागे नैना आणि केया. मला ‘येतो’चा अर्थ सांगायला बोलावलं होतं. मी तो सांगितला, केयानं रडत रडत मान्य केला.

मग प्रतिमा उठली. पिशवीतून पेटी काढून तिनं टेबलावर ठेवली. श्रीरंग अर्धवट उभा राहिला. अवधूत पेटीकडे न बघता तिच्याकडेच बघत होता.

“मी मराठीत बोलणार,” ती म्हणाली. तिचं इंग्लिश माझ्याइतकंच चांगलं आहे. पण डीनबाई माझ्याकडे वळल्या आणि मी मान हलवली.

ती एकेक वाक्य बोलत गेली, मी एकेक इंग्लिशमध्ये सांगत गेले. भाजी. हाक. गठ्ठे. मोठ्या गठ्ठ्यावरचं नाव. ते नाव ऐकून श्रीरंग खाली बसला. त्याचं पुस्तक तिथेच संपलं होतं.

मग प्रतिमा थांबली, आणि पुढचं वाक्य तिनं अगदी हळू म्हटलं.

“मी आधी पेटी आवरली. मग फोन केला.”

डीनबाईंना आणि दोन प्राध्यापकांना ते कळलं नव्हतं. केयालाही पुरतं कळलं नसावं. नैनाला कळलं, तिनं तोंडावर हात ठेवला. प्रतिमा माझ्याकडे बघत होती. मी ते गाळू शकले असते, किंवा ‘नंतर मी मदत बोलावली’ एवढंच म्हणू शकले असते. कोणाला पत्ता लागला नसता.

मी ते जसंच्या तसं सांगितलं. फर्स्ट आय पुट अवे द बॉक्स. देन आय कॉल्ड.

केयानं मान वर केली. “हाऊ लाँग?” तिनं विचारलं. प्रतिमालाच ते माहीत नव्हतं.

शेवटी अवधूत बोलला. “काकू, तुम्ही लपवायला नको होती,” तो म्हणाला. रागानं नाही. “सर मला नेहमी म्हणायचे, पेटी उलटी निघाली तर मजा येईल, पहिल्यापासून लिहू. ते घाबरत नव्हते. तुम्ही विचारलं असतं तर...”

त्याला वाक्य पुरं करता येईना. विचारणार कोणाला, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

६

अवधूतचं नाव सुटलं. पेटी परवानगीशिवाय सरांच्या घरी नेल्याबद्दल ताकीद मिळाली, ती त्यानं आनंदानं घेतली. श्रीरंगनं पुस्तक परत मागवलं आणि अवधूतचा गाइड व्हायला तयार झाला. दोघं मिळून पहिल्यापासून लिहिणार आहेत. विद्यापीठानं प्रतिमावर काही कारवाई केली नाही. तिची केया मात्र वसतिगृहात परत गेली, आणि बरेच दिवस आजीचा फोन उचलत नव्हती.

मीही गेले नाही. मी बरोबर वागले होते, आणि मला माझंच तोंड बघवत नव्हतं. मार्चमध्ये, रस्ते कोरडे झाल्यावर, एकदाची गेले. प्रतिमा अभ्यासिकेत होती. पुस्तकं खोक्यांत भरत होती. मला बघून तिनं एक खोकं सरकवलं, आणि मी खाली बसून भरायला लागले.

“तू ते वाक्य का गाळलं नाहीस?” तिनं मध्येच विचारलं.

“तू म्हणालीस म्हणून.”

ती पुस्तकांवरची धूळ पुसत राहिली. “नैना सांगते, आई, ते आधीच गेले होते. डॉक्टर म्हणतात, बहुतेक गेले होते. श्रीरंगची आई फोन करून सांगते. सगळ्यांना माहीत आहे. होतं का कोणी तिथे? मी हात लावून बघितलंसुद्धा नाही, गिरिजा. चाळीस वर्षं लॅबमध्ये काढली मी. मनगट धरायला किती वेळ लागतो? मी कागद गोळा करत बसले.” तिनं फडकं खाली ठेवलं. “तू सांग. तेव्हा जिवंत होता का तो?”

हो म्हणणं अशक्य होतं आणि नाही म्हणणं सोपं होतं. मला ती फार प्रिय आहे.

“मला माहीत नाही, प्रतिमा,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला, आणि एकनाथराव गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, जमिनीवर बसून. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंधार पडला तरी आम्ही दोघी तिथेच होतो, आणि दिवा लावायला कोणीच उठलं नाही.